चोरटा दम

"ही बासरी मी साफ केलीय," कावेरी म्हणाली.

शेवंता सिस्टर काचेच्या पेटीच्या गोल झरोक्यातून हात घालून बाळाच्या टाचेवरची पट्टी नीट करत होत्या. मान न वळवताच त्यांनी विचारलं, "कुठली बासरी? इथं कुठाय बासरी?"

"ही, यंत्रातली."

पेटीत, बाळाच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर, काडेपेटीएवढा स्पीकर बसवलेला होता. त्यातून तीन वाद्यं वाजत होती, पण इतकी हळू की मुद्दाम कान द्यावा लागे. बासरी, क्लॅरोनेट आणि बसून नावाचं जाड आवाजाचं एक लाकडी वाद्य. बासरीचा वरचा गंधार जरा जास्तच गुळगुळीत होता. तो गुळगुळीतपणा ओळखू शकणारी बाई जगात बहुधा एकच होती, आणि ती आत्ता पोटाचे टाके सांभाळत स्टुलावर बसली होती.

कावेरीचं कामच ते. पुण्यातल्या एका कंपनीत ती व्हर्च्युअल वाद्यं घडवायची. खऱ्या वादकाला बंद खोलीत बसवायचं आणि त्याच्याकडून एकेक सूर वाजवून घ्यायचा. हळू, मोठ्यानं, लांब, तुटक, जीभ मारून, न मारता. एका सुराचे डझनावारी नमुने जमले की ते कावेरीसारख्यांच्या हाती येत. सुराच्या आधीचा श्वास, चाव्यांची टकटक, ओठांचा चुळबुळाट, खुर्चीची करकर हे सगळं ती कापायची. उरलेले स्वच्छ सूर संगणकात ओळीनं मांडले की घरबसल्या कुणीही, एकही वादक न बोलावता, तीन-चार वाद्यांची मैफल रचू शकायचं. कंपनीत या कामाला 'सफाई' म्हणत, आणि कावेरीचा सफाईत हात धरणारं कुणी नव्हतं.

"बरं झालं की मग," शेवंता सिस्टर म्हणाल्या, "आईनं केलेली बासरी लेक ऐकतेय."

त्याच क्षणी पेटीवरचा दिवा पिवळा झाला आणि टुंटुं सुरू झालं. सिस्टरनी बोटाच्या टोकानं बाळाच्या तळव्यावर टिचकी मारली. बाळ दचकलं. साखरेच्या पुडीएवढ्या त्या देहात छाती एकदा वर उचलली गेली, खाली आली, पुन्हा वर. दिवा हिरवा झाला.

बाळ दिवस भरायच्या खूप आधी, कावेरी कोल्हापुरात असतानाच आलं होतं. त्याला आजार असा काही नव्हता. ते फक्त श्वास घ्यायला विसरायचं.

डॉ. मैथिली हेर्लेकरांनी कावेरीला आणि तिच्या नवऱ्याला, सुयोगला, हे पहिल्याच दिवशी समजावलं होतं. श्वास घे असं सांगणारी मेंदूच्या तळाची जागा एवढ्या लवकर आलेल्या बाळांत अजून कच्ची असते. ती हुकूम सोडते, पण हुकूम दुबळा असतो, कधीकधी पोचतच नाही. "घागर काठाला जराशी कमी भरलीय असं समजा," त्या म्हणाल्या होत्या. "पाणी आपणहून सांडत नाही. घागर जरा डुचमळवली तर सांडतं. बाहेरून हलकासा, थोडा अनियमित धक्का मिळाला तर दुबळा हुकूमही काठ ओलांडतो. अगदी नियमित धक्का चालत नाही. त्याची मेंदूला सवय होते."

'सोबत' नावाचं हे नवं यंत्र तेवढ्याचसाठी होतं. गादीखालची पट्टी बाळाचा श्वास मोजायची. श्वास रेंगाळला की स्पीकरमधलं संगीत फुगायचं आणि बाळाला ढोसायचं. बऱ्याच बाळांना त्याचा उपयोग झाला होता. कावेरीच्या बाळाला होत नव्हता. औषधाचा डोस वाढवून झाला होता, तरी टुंटुं वाढतच होतं.

दुपारी डॉक्टर आल्या. तक्ता पाहिला आणि सरळ सांगितलं, "सोमवारपर्यंत वाट बघू. नाही सुधारलं तर पुन्हा नळी घालून श्वास यंत्रावर घ्यावा लागेल. जीव वाचतो त्यानं, पण एवढ्याशा फुप्फुसाला ती नळी फार महाग पडते. मला ती टाळायचीय."

"मलाही," कावेरी म्हणाली.

मजल्याच्या टोकाला दूध काढायची खोली होती. पडदा, खुर्ची, पंप आणि भिंतीवर हसऱ्या बाळाचं चित्र. कावेरीला दिवसातून जो काही स्वतःचा वेळ मिळायचा तो इथंच. तिनं 'सोबत'मधलं संगीत फोनवर मागवून घेतलं होतं. पंप घुर्रर घुर्रर करत होता, आणि ती कानाला हेडफोन लावून ते ऐकत होती.

रचना चांगली होती. तीन वाद्यं एकमेकांच्या हातात सूर देत पुढं जात होती. पण ऐकता ऐकता कावेरीला धाप लागली.

तिनं हेडफोन काढला. टाक्यांमुळं असेल म्हणून पुन्हा लावला. पुन्हा तेच. छाती भरून यायची आणि अडकायची. मग तिच्या ध्यानात आलं की ती नकळत बासरीबरोबर श्वास सोडत होती आणि बासरी श्वास घेण्याची वाट पाहत होती. बासरी श्वास घेतच नव्हती, कारण तो कावेरीनं कापलेला होता. क्लॅरोनेटचाही आणि बसूनचाही. तीन वाद्यांचा मिळून एक न संपणारा उच्छ्वास तेवढा उरला होता.

पोटात असताना बाळानं काय ऐकलं असेल? आईच्या काळजाचे ठोके आणि आईचा श्वास, आत आणि बाहेर. आता ते अशा खोलीत येऊन पडलं होतं की तिथं सगळे नुसते श्वास सोडतच होते.

पडद्याबाहेरून सुयोग म्हणाला, "झालं का? डबा आणलाय. गरम आहे तोवर खा."

"सुयोग, तिला श्वास घ्यायला कुणी शिकवतच नाहीये."

"कावेरी, तू बाळंतीण आहेस. जरा पड तरी."

"पडून काय करू?"

त्यानं पडद्याखालून डबा आत सरकवला.

'सोबत'मध्ये घरच्यांनी दिलेलं संगीत घालायची सोय होती. लोक अंगाई घालत, आजीचा आवाज घालत. कावेरीनं डॉक्टरांना विचारलं. आवाजाची पातळी आणि अलार्म यांना हात लावायचा नाही, या अटीवर त्यांनी होकार दिला.

मग तिनं पुण्याला सहकाऱ्याला फोन लावला. "क्लॅरोनेटचे मूळ टेक आहेत का रे? सफाईच्या आधीचे?"

"ते कशाला ठेवतील? श्वासांचा सगळा कचरा आपण काढूनच टाकतो. तूच तर नियम केला होतास."

क्लॅरोनेट वाजवणारा, जिवंत, श्वास घेणारा माणूस कावेरीच्या जवळपास एकच होता, आणि तो तिच्याशी बोलत नव्हता.

गडहिंग्लजच्या न्यू हिरण्यकेशी ब्रास बँडचे दुंडाप्पा वाजंत्री हे कावेरीचे वडील. त्यांच्या क्लॅरोनेटवर त्या भागातल्या दोन पिढ्या लग्नाला निघाल्या होत्या. कावेरीच्या कंपनीनं त्यांचा सूर मागितला तेव्हा ते म्हणाले होते, "सूर ऐका, फोटो काढा. पण दम माझा हाय. तो कुणाच्या डब्यात भरायचा न्हाई." कंपनीनं दुसऱ्या वादकाचे नमुने घेतले, कावेरीनं ते साफ केले, आणि वर्षाच्या आत त्याच नमुन्यांवर चालणारी बँडची गाडी गडहिंग्लजात फिरू लागली. एक टेम्पो, चार भोंगे आणि पडद्यावर लाल कोटातले खोटे वादक. आप्पा त्या गाडीला 'डबा' म्हणायचे. डबा आला आणि बँडची लग्नं गेली. तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद होतं.

पुण्यात 'मी बोलतेय' म्हणणारी कावेरी आप्पांशी मात्र गावच्या बायकांसारखीच, पुरुषी वळणानं सुरू व्हायची.

"आप्पा, मी बोलालोय."

"कळलं. सुयोगरावांनी सांगितलंय. नात झाली."

"व्हय."

"पेटीत हाय म्हणं."

"व्हय. आप्पा, मला तुमचा दम पायजे."

"दम? कुणाला देऊ दम? डॉक्टरला?"

कावेरीला हसू आलं आणि लगेच रडू आलं. दोन्ही गिळून तिनं सगळं सांगितलं. आप्पा शेवटी म्हणाले, "जेवलीस काय?"

"जेवलो."

"बरं." फोन बंद.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा कोल्हापुरात काचेपलीकडं उभे होते. बगलेत क्लॅरोनेटची काळी पेटी. शेवंता सिस्टरनी त्यांना हात धुवायला लावले, टोपी घातली आणि आत आणलं. आप्पांनी नातीकडं पाहिलं, मग तारांकडं, मग पुन्हा नातीकडं.

"केवढीशी हाय ही. माझ्या बाजाच्या पेटीत मावंल."

"आजोबा, हळू बोला," सिस्टर म्हणाल्या.

"हळूच बोलालोय की." त्यांनी कावेरीकडं वळून विचारलं, "इथं उभा राहून वाजवतो. कुणाची हरकत?"

"तुमचा आवाज वरातीला पुरतोय आप्पा. इथं ओळीनं बाळं निजल्यात."

"म्हणजे डब्यातनंच?"

"डब्यातनंच."

आप्पा काचेकडं वळले. त्यांच्या गालाची ती सैल, फुंकून फुंकून ताणलेली कातडी हलली. "मशीनला देत न्हाई मी. हिला देतो. तू मधी हमाल."

"चालंल. हमाल तर हमाल."

दवाखान्यामागं सुयोगनं भाड्यानं घेतलेली एक खोली होती. भिंतींना गाद्या टेकवून, खिडकीला रजई लावून कावेरीनं ती बंदिस्त केली. आप्पा खुर्चीवर ताठ बसले, बाजाच्या तोंडाची पातळ पट्टी, रीड, ओठांत भिजवली आणि वाजवू लागले. कावेरीनं सांगितलेल्या छोट्या छोट्या ओळी. मग त्यांच्या मनाच्या. कित्येक महिन्यांनी तिनं तो सूर समोरासमोर ऐकला. मधाला ऊन लागावं तसा. सुयोग दारात उभा राहून ऐकत होता. त्याला संगीतातलं काही कळत नसे, पण तो हलला नाही.

मग कावेरीनं संगणकावर ध्वनीची रेघ उघडली. सूर होते, एकापेक्षा एक. पण दोन सुरांमधली जागा सपाट होती. तिनं आवाज वाढवून पाहिला. काहीच नाही.

"आप्पा, दम कुठाय?"

"घेतला की."

"कधी?"

"तुला ऐकू आला?"

"न्हाई."

"मग बरोबर घेतला."

त्यांच्या चेहऱ्यावर अभिमान होता. त्यांचे उस्ताद, म्हणजे त्यांचेच चुलते, शिकवताना पाठीमागं उभे राहायचे. श्वास ऐकू आला की टाळक्यात बसायची. ढोलाच्या ठोक्याआड, ओठांच्या कोपऱ्यातून, ऐकणाऱ्याला पत्ता लागू न देता दम भरायचा. बँडवाले त्याला चोरटा दम म्हणायचे. ज्याचा चोरटा दम पक्का तो खरा क्लॅरोनेटवाला. आप्पांचा इतका पक्का होता की आता तो सुटता सुटेना.

"मोठ्यानं घ्या बघू."

आप्पांनी घेतला. दशावतारी नाटकातल्या राक्षसानं प्रवेश करावा तसा. कावेरी हसू लागली, टाके दुखू लागले, पोट धरून ती खाली बसली. "हे ऐकून ती घाबरून उरलासुरला श्वास सोडंल, आप्पा."

"मग काय करू? जन्म गेला हे लपवण्यात."

कावेरीचं हसू थांबलं. आप्पांनी श्वास कसबानं लपवला होता, तिनं कात्रीनं. एकाच घरात दोन पिढ्या एकच काम चाललं होतं, आणि त्यावरून भांडण.

दुपार झाली. डॉक्टरांनी दिलेली मुदत पुढं सरकत होती. आप्पा चहा आणायला खाली गेले. कावेरी गादीला टेकून डोळे मिटून बसली होती, तेव्हा जिन्यातून त्यांचं गुणगुणणं ऐकू आलं. मघाचीच ओळ. वर चढता चढता ते ती गुणगुणत होते, आणि दर दोन पायऱ्यांनी, ओळीच्या मधेच, त्यांचा श्वास स्पष्ट, उघडा, निःसंकोच आत जात होता.

दार उघडून तिनं विचारलं, "आप्पा, वरातीत चढ लागला तर दम कसा घेता?"

"चढाला कसला चोरटा दम? मिळंल तसा घ्यायचा. ढोल असतोय शेजारी, कोण ऐकतंय."

"चपला घाला."

"आणि चहा?"

"वाटंत पिऊ."

पलीकडच्या गल्लीत एक मंगल कार्यालय होतं. मागचं मैदान रस्त्यापासून चांगलंच चढावर होतं आणि त्या दिवशी रिकामं. आप्पांच्या सदऱ्याच्या गळ्याला कावेरीनं छोटा माइक लावला. आप्पा खालच्या फाटकापासून वाजवत निघाले, त्यांच्या त्या वरातीच्या चालीनं, दोन पावलं पुढं आणि जराशी रेंगाळणारी तिसरी घेत. कार्यालयाचा रखवालदार बाहेर आला.

"कुणाचं लगीन हाय ओ?"

आप्पांनी बाजा ओठांपासून काढला. "नातीचं. पर तिला अजून टाइम हाय."

तिसऱ्यांदा चढताना त्यांच्या कपाळावर घाम होता. कावेरी म्हणाली, थांबा. ते थांबले नाहीत. वर पोचून, गुडघ्यांवर हात टेकून ते म्हणाले, "आलं काय तुला पायजे ते?"

हेडफोनमध्ये आलं होतं. आधी ओठ सुटल्याचा बारीक आवाज, मग हवा आत ओढल्याची सरसर, तिच्या टोकाला एक किंचित शीळ, आणि मग सूर. प्रत्येक श्वास वेगळा. एक घाईचा, एक पोटभर, एक अर्ध्यातच आवरलेला.

मग रचना. कावेरी दूध काढायच्या खोलीत, जेवताना, सुयोगच्या खांद्याला टेकून, जमेल तिथं ती करत गेली. बासरी आणि बसून कंपनीच्या नमुन्यांतलेच घेतले, पण आप्पांचे श्वास ताणून, आखडून त्यांच्या सुरांआधी बसवले. बासरीवाल्याला हवा जास्त लागते, त्याचा श्वास लवकर आणि भरभरून. बसूनवाल्याचा सावकाश. तिघांचे श्वास अगदी एका क्षणी ठेवले तर यंत्र वाटायचं. एक केसभर पुढं, एक केसभर मागं केला, आणि तिघं एका सतरंजीवर येऊन बसले.

अशा तीन-चार वाद्यांच्या मैफलीत हात हलवणारा कुणी नसतो. सुरुवात कुणी करायची, कधी करायची, हे श्वासानं ठरतं. एकजण श्वास घेतो, बाकीचे तो ऐकून घेतात, आणि सगळे मिळून सुरात उतरतात. आप्पा याला उठाव म्हणायचे. कावेरीनं चौथा वादक म्हणून बाळाला घेतलं. गादीखालच्या पट्टीतून बाळाचा श्वास रचनेत यायचा, त्याच्या चालीनं तिघं चालायचे. आणि बाळ थांबलं की तिघं उठाव घ्यायचे, आणि थांबायचे.

डॉ. हेर्लेकरांची हरकत नेमकी तिथंच होती.

"बाळ थांबल्यावर तुमचं संगीतही थांबणार? आत्ताचं यंत्र निदान ढोसतं तरी."

"ढोसतं, म्हणून ती दचकते. दचकून श्वास घेते आणि दमते. मला तिला ढकलायचं नाही डॉक्टर. बोलवायचंय."

"आणि ती आलीच नाही तर?"

"तर तुमचा अलार्म आहे, सिस्टरांचं बोट आहे. ते मी काढून मागत नाही."

डॉक्टरांनी चष्मा वर केला. "एका फीडपासून पुढच्या फीडपर्यंत. मी इथं उभी राहीन. आणि दोघांची सही लागेल."

सुयोगनं पेन हातात घेतलं आणि तसंच धरून ठेवलं. "कावेरी, हे तू आई म्हणून सांगतेयस, की कामातली जाणकार म्हणून?"

"आई म्हणून मला भीती वाटतेय," ती म्हणाली. "कामातली म्हणून खात्री आहे."

त्यानं सही केली.

रविवारी सकाळच्या दुधानंतर रचना सुरू झाली. आप्पा काचेबाहेर उभे होते. बाळाची छाती बारीक बारीक हलत होती आणि तिच्याबरोबर तीन वाद्यं हळूहळू वाट चालत होती. मग छाती थांबली.

स्पीकरमधून तिघांनी श्वास घेतला आणि थांबले. खोलीत सगळेच थांबले.

दिवा पिवळा झाला. टुंटुं. शेवंता सिस्टरनी टिचकी मारली, बाळ दचकलं आणि श्वास सुरू झाला.

थोड्या वेळानं पुन्हा तेच. पुन्हा टिचकी. डॉक्टरांचा हात यंत्राच्या बटणाकडं गेला.

"एक मिनिट," कावेरी म्हणाली. ती स्पीकरजवळ कान नेऊन ऐकत होती. काहीतरी कमी होतं. उठाव होता, पण रेशमासारखा, कोरा. तिनं संगणक मांडीवर घेतला, आप्पांचा एक श्वास उघडला आणि तिचे कान तापले. ओठ सुटल्याचा आवाज नव्हता. टोकाची शीळ नव्हती. बाकीचे श्वास उघडले. एकातही नव्हती. कुठल्याशा दुपारी, झोपेनं डोळे मिटत असताना, हात सवयीनं चालला होता. तिनं आप्पांचा श्वास साफ करून ठेवला होता.

"काय झालं?" सुयोगनं विचारलं.

"झाडून घेतलं मी सगळं. थांब जरा."

तिनं एकेक करून मूळचे श्वास परत बसवले. थुंकीसकट, शिळेसकट, चढावरच्या धापेसकट. तिला एवढं अस्वच्छ काम आयुष्यात कुणी करायला सांगितलं असतं तर तिनं नोकरी सोडली असती. "डॉक्टर, आता."

"शेवटचं," डॉक्टर म्हणाल्या.

तिघं पुन्हा चालू लागले. बाळ त्यांच्याबरोबर. मग बाळ रेंगाळलं. थांबलं.

स्पीकरमध्ये एका म्हाताऱ्या माणसानं ओठ सोडले, हवा आत ओढली, टोकाला बारीकशी शीळ वाजली. त्याच्या मागोमाग दुसऱ्यानं घेतला, मग तिसऱ्यानं. आणि तिघं तिच्यासाठी थांबले.

बाळाच्या भुवयांमध्ये एक आठी आली. ओठ किंचित उघडले. आणि छाती वर आली, कुणी न ढकलता.

क्लॅरोनेट तिच्याबरोबर सुरात उतरलं.

शेवंता सिस्टरांचं बोट झरोक्यात तसंच अधांतरी राहिलं. डॉक्टरांनी तक्त्यावर काहीतरी लिहिलं, बराच वेळ लिहीत राहिल्या. बाहेर आप्पांना काहीच ऐकू येत नव्हतं. त्यांनी काचेवर टकटक करून भुवया उंचावल्या. कावेरीनं मान डोलावली, आणि आप्पा वळून भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

टुंटुं त्या दिवशी थांबलं नाही, पण विरळ होत गेलं. सोमवारी नळीचं नाव कुणी काढलं नाही.

आठवडाभरानं शेजारच्या पेटीतल्या बाळाची आई, इचलकरंजीची, कावेरीला दूध काढायच्या खोलीत भेटली. "तुमच्या बाळाला लावलंय ते आमच्याला मिळंल का हो ताई?" संध्याकाळी डॉक्टरांनीही तेच विचारलं, सगळ्या पेट्यांसाठी. कावेरी म्हणाली, श्वास माझा नाही, विचारून सांगते.

आप्पा दवाखान्याच्या बाकावर शेंगा सोलत बसले होते. तिनं विचारल्यावर त्यांनी टरफलं रुमालात गोळा केली.

"मी म्हणालतो डब्यात भरायचा न्हाई."

"व्हय. तुम्ही न्हाई म्हणालात तर मी न्हाई सांगतो त्यांना."

"त्या पोरांचे आजे काय करत्यात?"

"कुणी यंत्रमागावर असतील. एकाची रिक्षा हाय."

"फुंकता येतं काय त्यांना?"

"न्हाई."

"मग ती पोरं काय करतील बिचारी." आप्पांनी एक शेंग तिच्या हातावर ठेवली. "दे. पर प्रत्येकाला माझं तेच ते नको. मी परत चालतो. पोराला पोर वेगळं असतंय, दम पण वेगळा पायजे." मग म्हणाले, "आणि वरातीच्या गाडीत घातलास, तर पुन्हा तुज्या दारात पाऊल ठेवणार न्हाई."

"न्हाई घालत, आप्पा."

"लिहून दे."

तिनं लिहून दिलं, डॉक्टरांच्या लेटरहेडवर, शिक्क्यासकट. आप्पांनी ते वाचलं, घडी घातली, आणि चपला घालून मैदानाकडं निघाले.

बाळ वाढत होतं तशी रचना कमी होत गेली. तसंच ठरलं होतं. आधी बसून काढलं. मग बासरी. मग क्लॅरोनेटचे सूरही गेले आणि उरले फक्त श्वास, दूर दूरचे. एका सकाळी डॉ. हेर्लेकर म्हणाल्या, "आता तेही बंद करू. तिचं तिला जमतंय."

बाळाला पेटीतून काढून कावेरीच्या छातीवर, कातडीला कातडी लावून ठेवलं होतं. सुयोग बाजूला उभा होता. यंत्राचं बटण हाताशीच होतं, पण कावेरीचा हात तिथवर जाईना. इतके दिवस ती भांडली होती, आणि आता नुसतं एक बटण दाबायचं होतं.

"मी करू?" सुयोगनं विचारलं.

"नको," ती म्हणाली. "हे मलाच केलं पाहिजे."

तिनं बटण दाबलं.

बाळाजवळ पहिल्यांदाच काही वाजत नव्हतं. बाळाचा श्वास तिच्या गळ्याशी येत होता, जात होता. येत होता, जात होता. मग आलाच नाही. कावेरीचा हात टिचकीसाठी उचलला गेला, आणि तिनं तो मागं घेऊन मुठीत आवळला. सिस्टर एक पाऊल पुढं आल्या. कावेरीनं मान हलवून त्यांना थांबवलं.

बाळानं नाक फेंदारलं, तोंड वाकडं केलं, आणि भरपूर, मोठ्यानं, शेजारच्या पेटीपर्यंत ऐकू जाईल असा श्वास घेतला.

मग कावेरीनं घेतला.